सांगलीच्या उन्हाळ्यात बॉइंक चालवताना

घरच्या कॉम्प्युटरवर बॉइंक (कॉम्प्युटरची रिकामी ताकद वैज्ञानिक प्रकल्पांना देणारं सॉफ्टवेअर) टाकलंत की रोझेटा ॲट होमसारख्या प्रकल्पासाठी तुमचा प्रोसेसर प्रथिनांच्या घडणीची गणितं सोडवू लागतो. फार मोलाचं काम आहे हे. पण सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये मशीन तापतं, म्हणून सेटिंगमध्ये प्रोसेसरचा वापर ५० टक्क्यांवर आणा. प्रोसेसरमध्ये चार कोअर (गणितं करणारे भाग) असतील तर दोनच राबतील. वेळ रात्री ११ ते सकाळी ७ ठेवा. जादा ६० वॅट लागले, तर रात्रीत जेमतेम अर्धं युनिट, महिन्याला १४-१५. मध्येच लाइट गेली तरी घाबरू नका, काम अधूनमधून डिस्कवर जतन होतं आणि तिथूनच पुढे सुरू होतं. लॅपटॉप बॅटरीवर असताना मात्र काम थांबेल अशी सेटिंग आधी करा. आणि कॅबिनेटमधली धूळ मार्चमध्येच ब्रशनं काढा.