चलनात फिरलेली खोटी नाणी कशी ओळखायची आणि जमवायची

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, खोटी नाणी दोन जातीची असतात. एक, त्या त्या काळात बाजारात खपवायला पाडलेली, म्हणजे ज्यांनी तेव्हाच्या दुकानदाराला गंडवलं. आणि दुसरी, आजकाल कलेक्टरला गंडवायला बनवलेली. आपल्याला पहिली हवीयत, दुसरी फुकट मिळाली तरी ठेवू नका.

दोन्हीतला फरक झिजेवरून कळतो. हातोहात फिरलेलं नाणं उंच भागावर आधी झिजतं, गाल, केस, कडेची किनार वगैरे, आणि खोलगट जागी मळ साचलेला असतो. नव्या बनावटीत झीज बऱ्याचदा साच्यातूनच आलेली असते, त्यामुळे अक्षरं पुसट पण मधली सपाट जागा कोरी करकरीत, असं विचित्र दिसतं.

आता भिंग घ्या, दहापट पुरे. ओतीव नाण्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा गोलसर होतात आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात. सेम नक्षीच्या दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा असेल तर दोन्ही एकाच साच्यातली समजा, अशी जोडी मिळाली तर मी तरी सोडणार नाही.

मुलाम्याची नाणी माझ्या सगळ्यात आवडीची. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ थर चढवून ठसा मारायचा, ही चलाखी दिनारिअस या रोमन चांदीच्या नाण्याच्याही आधीपासून चालत आलीय. नाकावर, कडेला थर फाटून आतलं तांबं लालसर डोकावतं, कुठे फुगवटे येतात, कुठे हिरवा गंज बाहेर फुटतो. काही नाण्यांवर छिन्नीचा घाव असतो, तो तेव्हा कोणीतरी आत काय आहे ते तपासायला घातलेला, त्यामुळे ते नाणं खराब झालं असं समजू नका, उलट तोच पुरावा. आणि प्लीज घासून चकाचक करू नका!

वजन तर करायचंच, पण नुसत्या वजनावर विसंबू नका, घनता काढा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. 27 ग्रॅमच्या नाण्याला 2.6 आलं तर घनता 10.4 च्या आसपास, चांदीला जुळणारी (शुद्ध चांदी 10.5). 3.2 आलं तर 8.4, म्हणजे पितळेचा संशय घ्या. पण शिसं 11.3 आणि कथील 7.3, दोघांचं मिश्रण बरोबर चांदीजवळ आणता येतं, म्हणून टेबलावर वाजवूनही बघा, शिशाचं बद्द वाजतं.

ठसा मारून पाडलेली खोटी नाणी अवघड. तिथे खऱ्या नाण्याची माहितीच कामाला येते. अमेरिकेत हेनिंग नावाच्या माणसाने 1944 सालची पाच सेंटची नाणी पाडली, पण युद्धकाळातल्या त्या नाण्यांवर मागच्या बाजूला कोरलेल्या इमारतीच्या घुमटाच्या वर टांकसाळीचं मोठं अक्षर असायचं, तेच राहून गेलं. ब्रिटनचा जुना गोल पाउंड 2017 मध्ये बंद झाला, त्याच्या शेवटच्या काही वर्षांत चलनातली साधारण 3 टक्के नाणी खोटी होती. त्यात साल आणि मागचं चित्र जुळत नाही, कडेवरची अक्षरं वेडीवाकडी, राणीचा चेहरा सरळ धरून नाणं फिरवलं तर मागचं चित्र तिरकं, असलं काय काय सापडतं.

कायद्याचं मात्र बघून घ्या. आज चालू असलेल्या चलनाची खोटी नाणी बऱ्याच देशांत नुसती जवळ ठेवली तरी अडचणीत आणू शकतात, म्हणून चलनातून बाद झालेलीच गोळा करा, तिथेही नियम वेगळे असू शकतात. विकताना, बदलताना खोटं आहे हे स्पष्ट सांगायचं. प्रत्येक नाणं वेगळ्या पाकिटात, वर वजन, घनता आणि कशावरून ओळखलं ते लिहा, आणि "खोटं" हा शब्द ठळक टाका, तुमच्यानंतर ते कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.