लुना विसरा, मग सेगवेवर चढा : संध्याकाळच्या फेरीत या चुका टाळा

एप्रिलात पारा चाळिशी ओलांडून पुढं निघाला की सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींतली दोन-तीन डोकी कमी होतात. पोराकडं, लेकीकडं, अमेरिकेला. मग जूनमध्ये फोटो यायला लागतात आणि त्यात एक ठरलेला असतो : डोक्यावर हेल्मेट, पायाखाली दोन चाकांची उभी गाडी, दांडा दोन्ही हातांनी गच्च आवळलेला, मागं दिवे लागलेलं शहर. सेगवेवरची संध्याकाळची गाइडेड फेरी. पोरं हौसेनं बुकिंग करून टाकतात, आई-बाबांना सरप्राइज म्हणून. आई-बाबांचे गुडघे किती वर्षांचे आहेत हे बुकिंगच्या पानावर कुणी विचारत नाही.

शिकागोत लेकीकडं असताना मी ही फेरी दोनदा केली. पहिल्यांदा पडलो, दुसऱ्यांदा नाही. मधे काय कळलं ते लिहितो, कारण या गुरुवारी आमचे अण्णा निघालेत आणि तेही माझ्यासारखेच जुने लुनावाले.

पाय टेकवू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती नवशिक्यापेक्षा मुरलेल्या गाडीवाल्याकडून जास्त होते. आमच्या गटात एक वीस वर्षांची मुलगी होती, आयुष्यात स्कूटर न चालवलेली. दहा मिनिटांत शिकली. चाळीस वर्षं लुना, एम-एटी आणि बजाज दामटलेला मी मात्र अडलो. सात रस्त्याच्या सिग्नलला आपण काय करतो? मूठ सोडतो, बोटं ब्रेकवर आणि डावा पाय खाली. त्यासाठी डोकं वापरावं लागत नाही. सेगवेला पिळायची मूठ नाही, ब्रेक नाही आणि पाय टेकवायची सोय तर मुळीच नाही.

पुढं गाइड थांबला. मी मूठ उलटी पिळली, काही झालं नाही. बोटं आवळली, तरी काही नाही. मग चाळीस वर्षांची सवय सरळ डाव्या पायात उतरली. एक पाय शिकागोच्या फरशीवर, दुसरा गाडीवर आणि गाडी पुढं निघालेली. पँटचा गुडघा गेला, आतला थोडा सोलला. लेकीनं "बाबा!" म्हणून किंकाळी फोडली ती लागण्यापेक्षा जास्त लागली.

थांबायचं असतं अंगानं. गुडघे किंचित सैल सोडून, खुर्चीवर टेकायला निघाल्यासारखं वजन टाचांवर न्यायचं. वेग मेला की पुन्हा सरळ उभं राहायचं. गाडी जागच्या जागी उभी राहते आणि तुम्ही वरच. सिग्नलला, गाइड माहिती सांगत असताना, कुठंही वरच. उतरायचं ते गाडी पूर्ण थांबल्यावर : एक पाय मागं खाली, लगेच दुसरा, आणि हात दांड्यावरच. उतरलो म्हणून दांडा सोडून दिला तर चालू गाडी एकटीच चार पावलं जाते आणि आडवी होते. ती ४७ किलोची आहे, शेजारच्याच्या नडगीवर पडली तर विनोद राहत नाही.

नंदीध्वज आठवा

गाडी स्वतः तोल सांभाळते म्हणजे काय, हे मला गाइडच्या इंग्रजीतून कळलं नाही. आपल्या गड्ड्यातून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतून कळलं. संक्रांतीच्या आधी सोलापुरात नंदीध्वजाचा सराव चालतो तो नीट बघा. उंच काठी मानकऱ्याच्या अंगावर उभी. काठी पुढं झुकायला लागली की तो तिला ओढून मागं आणत बसत नाही, तो स्वतः पाऊल पुढं टाकून तिच्या खाली जातो. काठी सरळ होते. सेगवेत मानकरी म्हणजे चाकं, काठी म्हणजे तुम्ही. तुम्ही पुढं झुकलात की आतले जायरोस्कोप ते सेकंदाला शंभर वेळा मोजतात आणि मोटर चाकांना तुमच्या खाली पळवते. मागं झुकलात की चाकं मागं येऊ बघतात आणि वेग उतरतो. डीन केमेन यांनी डिसेंबर २००१ मध्ये जगापुढं आणलेल्या या गाडीचं सगळं गुपित एवढंच आहे.

एकदा हे बसलं की बऱ्याच चुका आपोआप सुटतात. दांड्याला लोंबकळून चढायचं नाही, कारण दांडा ओढला की गाडी तुमच्याकडं येते. पुढचा वेग फार झाला की दांडा आपणहून छातीकडं मागं येतो. तिथं पुष्कळ जण त्याला रेटून पुढं ढकलतात, जणू तो नाठाळपणा करतोय. तो नाठाळपणा नाही, 'आता पुरे' असं गाडीचं सांगणं आहे. ताशी २० किलोमीटर ही तिची हद्द, आणि काठीनं मानकऱ्याच्या पुढं धावू नये.

'गाडी पिसाळलीय'

चढल्या चढल्या गाडी पुढं-मागं, पुढं-मागं धक्के द्यायला लागली तर शंभरात नव्व्याण्णव वेळा ती बिघडलेली नसते. तुम्ही घाबरून मागं जाता, ती मागं येते. त्याला घाबरून पुढं, तीही पुढं. तुमचीच भीती ती तुम्हाला परत करत असते. उपाय साधा आणि करायला अवघड : खाली पायांकडं बघणं बंद. समोर दूरचं काहीतरी पकडा, झाड, खांब, गाइडची पाठ. खांदे सोडा, श्वास सोडा. दोन सेकंदांत शांत होते. आमच्या हिनं डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. श्वास लयीत आला, पण डोळे मिटल्यानं तोल आणखी गेला. म्हणायची तर डोळे उघडे ठेवून म्हणा.

याच्या उलट दांडा खरोखर थरथरायला लागला, घरघर आवाज आला, तर मात्र तो इशारा आहे. मागं वेगानं जाताय, बॅटरी उतरलीय किंवा गाडीत काही गडबड आहे. हळूहळू थांबा, उतरा, गाइडला हाक मारा. या मूळ सेगवेचं उत्पादन जुलै २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळं फेऱ्यांत फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या वयस्क आहेत. निघण्याआधी चार्ज किती दाखवते हे विचारायला लाज कसली? जुनी लुना घेताना आपण किक मारून बघत नव्हतो का?

वजन, आणि ते आधी न विचारण्याची चूक

या गाडीला माणूस साधारण ४५ ते ११७ किलोच्या मधला लागतो. जाड माणसांची अडचण सगळ्यांना सुचते, बारीकांची सुचत नाही. अंगात वजनच नसेल तर मागं झुकून वेग तोडता येत नाही. आमच्यासोबत एक मराठी मावशी आल्या होत्या, ४२ किलो. काउंटरवर वजन केलं आणि नाही म्हणाले. बुकिंग करणाऱ्या भाच्यानं अटी वाचल्या नव्हत्या, पैसेही परत मिळाले नाहीत. मावशी दोन तास बाकावर बसून राहिल्या, आणि त्यांनी सोबत आणलेल्या शेंगाच्या चटणीची पुडी फेरी संपल्यावर आम्हालाच खायला घातली.

अटींच्या त्याच कागदावर पडलात-झडलात तर जबाबदारी कुणाची हेही असतं. लेकीकडून मराठीत ऐका आणि मग सही करा. प्रवासविम्यात असल्या फेऱ्या धरल्यात का, ते सोलापुरातून निघण्याआधीच एजंटला विचारा.

चाकं तुमच्यापेक्षा रुंद आहेत

सायकलीला, स्कूटरला चाकं एका रेषेत. जिथून आपण जातो तिथून गाडी जाते. सेगवेची चाकं दोन बाजूंना आहेत आणि रुंदी दोन फुटांच्या किंचित वर. मंगळवार पेठेतल्या गर्दीतून गाडी काढणाऱ्या माणसाला वाटतं, एवढ्या फटीतून सहज जाईल. अंग जातं, चाक अडतं. एक चाक फुटपाथच्या कडेला, खांबाला किंवा पुढच्याच्या चाकाला लागलं की ते जागीच थांबतं आणि दुसरं पळत राहतं. गाडी गर्रकन फिरते. बहुतेक पडझड वेगानं होत नाही, अशा घासण्यानं होते. दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडा, पुढच्या गाडीपासून दोन-तीन गाड्यांचं अंतर ठेवा आणि कडेवर तिरपं चढू नका. पाण्याच्या काठानं जाताना तर आणखी आत राहा. सेगवे कंपनीचे मालक जिमी हेझेल्डन २०१० साली इंग्लंडमध्ये याच गाडीसकट कड्यावरून खाली कोसळून वारले. भीती घालायला सांगत नाही, काठ तो काठ.

पिशवी दांड्याला अडकवू नका. भाजीची सवय आहे, माहीत आहे. लोंबणारं वजन दांड्याला ओढतं आणि गाडीला वाटतं, मालकाला वळायचंय. ओढणी, शाल, साडीचा पदरही नको. आमच्या हिनं लेकीची पँट घातली आणि त्या फोटोला नातेवाइकांच्या ग्रुपवर अजून चर्चा आहे.

संध्याकाळ म्हणजे कुठली संध्याकाळ

सोलापुरात मे महिन्यात सातच्या सुमारास सूर्य जातो. शिकागोत जूनमध्ये साडेआठ वाजतात. म्हणजे 'संध्याकाळची फेरी' आपल्या जेवणाच्या वेळेवर येते. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे वाचूनच जावं. सातला गोळी घेऊन, 'आल्यावर जेवू' म्हणून निघालात तर दहाच्या सुमारास हातपाय कापायला लागतात, आणि ती कापरी भीतीची की साखर उतरल्याची हे कळत नाही. थोडं खाऊन निघा, खिशात शेंगदाण्याचा लाडू ठेवा. दोन तास उभं राहायचंय, तेव्हा बाथरूमला आधीच जाऊन या.

चष्मा ही दुसरी गोम. खालच्या भागात वाचायचा नंबर असलेला चष्मा घालून खाली बघितलं की फरशीची कड धूसर दिसते, आणि अंधार पडल्यावर दिसतच नाही. फक्त लांबचा चष्मा असेल तर तो लावा. आणि तळ्याकाठचा वारा. मिशिगन सरोवर बघून ही म्हणाली, "आपला संभाजी तलाव केवढासा वाटायलाय." त्या केवढ्याशा नसलेल्या पाण्यावरून रात्री जो वारा येतो, त्याला बेचाळीस अंशांतून आलेल्या सोलापूरकराचं अंग तयार नसतं. चेन लावलेलं जाकीट हवं.

गाइडच्या मागं दुसरा नंबर धरा. कानात इअरफोन असला तरी इंग्रजीचा उच्चार अर्धा तोंड बघूनच कळतो. आणि विचारा, गप्प राहू नका. मिशिगन अव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत आली, गाइड दारातल्या सिंहांबद्दल बोलला आणि निघाला. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ते याच इमारतीत. मी थांबवून सांगितलं तेव्हा तो परत फिरला आणि गटाला पुन्हा थांबवलं. शिकागोचं ते चकचकीत स्टीलचं 'बीन' नावाचं शिल्प घडवणारे अनिश कपूर मुंबईत जन्मले, हेही त्याला नवं होतं.

मोबाइल मात्र चालत्या गाडीवर काढायचा नाही. बकिंगहॅम कारंजं उन्हाळ्यात दर तासाच्या ठोक्याला वीस मिनिटं उसळतं, मधली धार दीडशे फूट, अंधार पडल्यावर रंगीत दिवे. १९२७ चं कारंजं. ते सुरू झालं की सगळ्यांचे हात एकदम खिशात जातात. एका हातानं दांडा, दुसऱ्या हातात फोन, मान वर, वजन टाचांवर, आणि गाडी गुपचूप मागं सरकायला लागते. माझ्या मागचे गृहस्थ असेच माझ्या चाकाला येऊन भिडले. आधी थांबा, उतरा, गाडी बंद करा, मग पाहिजे तेवढे फोटो.

घरी करायचा सराव

मी अण्णांना शिकवलं ते असं. घरातल्या दोन जाड सोलापुरी चादरी चौपदरी करून एकावर एक, ओट्याशेजारी. त्यावर अनवाणी उभं राहायचं, ओट्यावर फक्त बोटं टेकलेली. वजन हळू चवड्यांवर, हळू टाचांवर, नजर समोरच्या कॅलेंडरवर. पाय मऊ चादरीत डुगडुगतो आणि घोट्याला काम कळतं. पाच मिनिटांनी बोटं उचलायची. अण्णा पहिल्या दिवशी पाच मिनिटांत वैतागले, आठवड्यानं वीस मिनिटं उभे होते, चहा पीत. घोटे किंवा कंबर बोलत असेल तर फेरी रद्द करून मुलांना बसनं न्यायला सांगा, बसमधूनही कारंजं तेवढंच उंच दिसतं.

काल तलावाकाठी अण्णांची शेवटची शंका निघाली.

"मालक, हॉर्न कुठं असतोय त्याला?"

"हॉर्न नाही अण्णा. मागून जाताना 'ऑन युवर लेफ्ट' म्हणायचं."

अण्णांनी ते दोनदा घोळून बघितलं. मग म्हणाले, "आणि घाईत तोंडातून 'बाजूला हो बे' निघालं तर?"