पी५३ चा बँड खरा की खोटा? आधी ही लेन लावा

पी५३ (कर्करोग रोखणारं एक प्रथिन) शोधायला डीओ-१ ही अँटिबॉडी वापरत असाल, तर वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) एच१२९९ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मानवी पेशींच्या लायसेटची (फोडलेल्या पेशींच्या द्रावाची) एक लेन, म्हणजे रांग, लावाच. या पेशींत पी५३ मुळीच नसतं, त्यामुळे तिथे ५३ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक; पी५३ याच सुमारास दिसतं) रेघ, म्हणजे बँड, उमटली तर ती पी५३ ची नव्हे, एवढं पक्कं. ही लेन नसेल, तर मी कुणाच्याही ब्लॉटवर विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे पी५३ नक्की दिसायलाच हवं अशी लेन म्हणून, एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) घ्या, पण अर्ध्या फ्लास्कना डॉक्सोरुबिसिन, म्हणजे डीएनएला इजा करून पी५३ वाढवणारं औषध, देऊन. निरोगी पी५३ ला एमडीएम२ हे दुसरं प्रथिन सतत मोडत असतं, त्याचं अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटांच्या आसपास. म्हणून औषध न दिलेल्या पेशींत बँड फिका दिसतो आणि आपण उगाच अँटिबॉडीला दोष देतो. हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) मात्र यासाठी नकोत. तिथे पॅपिलोमा विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ चा फडशा पाडतं.

आणि उंदराच्या ऊतींवर डीओ-१ अजिबात नको! ती मानवी पी५३ ओळखते, उंदराचं नाही. शिवाय ती स्वतः उंदराची, त्यामुळे दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून रेघ दाखवणारी) ऊतीतल्या आयजीजीलाच, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीलाच, चिकटते. त्या आयजीजीची जड साखळी (त्याचा मोठा तुकडा) उमटते ५० ते ५५ किलोडाल्टनच्या दरम्यान, म्हणजे नेमकी पी५३ च्या जागी. पाहणाऱ्याला वाटतं, काय सुरेख बँड आलाय! उंदरासाठी सीएम५ घ्या, ती सशाची आहे.