मास्क लावून शिकवताना घसा कसा जपायचा

कोरोनासारख्या साथीत वर्ग भरला की गुरुजी-बाईंचा घसा सगळ्यांत आधी बसतो. मास्कमधून स, श, त, थ बोथट ऐकू येतात, मुलं 'काय?' म्हणून विचारतात आणि आपण आवाज चढवतो. चूक तिथेच होते. मास्क आवाजातला बारीक, धारदार भाग अडवतो. ओरडल्याने तो भाग परत येत नाही, फक्त स्वरयंत्र सुजतं. म्हणून सावकाश बोला, शब्द सुटा सुटा उच्चारा. नवा शब्द आधी फळ्यावर लिहा, मग मुलांकडे वळून वाचा.

जावळी-पाटणकडे पत्र्यावर पावसाची सर कोसळली की तिच्यावर आवाज काढायला जाऊच नका. तेवढा वेळ शुद्धलेखन नाहीतर गणितं द्या. खिडक्या मात्र दोन्ही बाजूंच्या उघड्याच ठेवा, पाऊस आत येणाऱ्या बाजूची बाकं सरकवली तरी चालेल.

दर तासानंतर व्हरांड्यात, मुलांपासून लांब, मास्क काढून तीन-चार घोट पाणी प्या. स्वच्छतागृह धड नाही म्हणून कितीतरी बाई दिवसभर पाण्याला शिवत नाहीत. जत-आटपाडीच्या उन्हात यातून लघवीची जळजळ मागे लागते. हा विषय संकोच न करता मुख्याध्यापकांपुढे काढाच. घशात खवखवलं तर खाकरू नका, घोट गिळा.

घरी आल्यावर घशाला आराम म्हणून ग्लासभर पाण्यात सरबताची नळी (स्ट्रॉ) दोन-तीन बोटं बुडवा, तिच्याभोवती ओठ घट्ट मिटा आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा, तीन मिनिटं. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. तुटक आले किंवा गळा आवळला तर नळी थोडी वर घ्या.

एन-९५ मास्क धुऊ नका, त्यावर सॅनिटायझरही फवारू नका; कण धरून ठेवणारा त्याचा विद्युतभार त्याने जातो. पाच मास्क घ्या, वारानुसार एकेक वापरा, बाकीचे कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. पट्टी सैल झाली, मास्क मळला किंवा ओला झाला की टाकून द्या. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते.

बोलून दुखलेला घसा रविवारच्या विश्रांतीने बराच उतरतो. ताप, अंगदुखी, वास न येणं यातलं काही सोबत असेल तर शाळेत न जाता कोरोनाची तपासणी करा. ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजायचा बोटाला लावायचा चिमटा) लावण्याआधी पाच मिनिटं बसा, नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको, हात गार असतील तर चोळून घ्या. बसून आकडा ९४ च्या खाली असेल तर चालून बघू नका, थेट दवाखाना गाठा. ९४ किंवा वर असेल तर घरातच सहा मिनिटं चाला, साठीपुढच्यांनी तीन. चालून आकडा ९३ च्या खाली आला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नुसता आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.