उजनीचा मासा घरी येईपर्यंत मऊ का पडतो? या चुका टाळा

उजनी धरणाच्या फुगवट्यावरून मी पहिल्यांदा मासे आणले तो मे महिना होता. करमाळा तालुक्यातल्या एका गावाच्या काठावर, सकाळी सातला होडी लागली आणि मी नऊ किलो चिलापी आणि दोन मोठे रोहू घेतले. मासे अजून कल्ले हलवत होते. काठावर जाळं झटकत बसलेल्या एका म्हाताऱ्या मामांनी विचारलं, "बरफ आणलाय का वो?" मी म्हणालो, "अडीच-तीन तासांचा तर रस्ता आहे, मामा." ते काही बोलले नाहीत, फक्त एक ओलं पोतं पुढं केलं. मी ते मासळीवर टाकलं, डिकी लावली आणि निघालो. टेंभुर्णीला नाश्ता झाला, मोहोळला पाहुण्यांकडं पाऊण तास गेला. सोलापुरात डिकी उघडली तेव्हा निम्म्या चिलापींची पोटं फुटलेली होती आणि रोहूचं मांस बोटानं काट्यावरून सुटत होतं. सहा किलो मासळी टाकून दिली. कुणीतरी रात्रभर पाण्यावर जागून धरलेला मासा उकिरड्यावर टाकताना जे वाटलं ते अजून विसरलो नाही. तेव्हापासून बर्फाशिवाय मी पाण्याच्या काठावर पाऊल टाकत नाही.

आपण समजतो की मासा घरात, फ्रिजमध्ये बिघडतो. खरं तर तो रस्त्यातच बिघडलेला असतो, घरी आल्यावर फक्त ते कळतं.

बर्फ वाटेत घेऊ म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो. मासा मेला की त्याच्या अंगातली पाचकद्रव्यं थांबत नाहीत. पोटात अन्न असेल तर ती आधी आतड्याची, मग पोटाची भिंतच पचवायला लागतात. पोट फुटतं ते यामुळं. त्याचबरोबर कल्ल्यांतले, कातडीवरचे आणि आतड्यांतले जंतू मांसात शिरतात. या दोन्ही गोष्टींचा वेग उष्णतेवर ठरतो. बर्फात, म्हणजे शून्य अंशाला ठेवलेल्या माशाच्या तुलनेत 5 अंशांना तोच मासा साधारण दुपटीनं लवकर खराब होतो आणि 10 अंशांना चौपटीनं. आता एप्रिल-मे महिन्यांतला सोलापूरचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. पारा 40 च्या पुढं, उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून तापलेली. टेंभुर्णीपासून सोलापूर 90 किलोमीटरच्या आसपास आहे, भिगवणहून आणखी लांब. तेवढा वेळ मासा त्या भट्टीत असतो.

ओलं पोतं वाऱ्यावर ठेवलं तर थोडा गारवा देतं, पण बंद डिकीत ते नुसतं ओलं राहतं आणि मासा आपल्याच उबेत शिजतो. मामांनी पोतं दिलं ते त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं म्हणून, हे मला फार उशिरा कळलं.

बर्फ किती घ्यायचा? एक किलो मासळीला एक किलो बर्फ, आणि उन्हाळ्यात दीड. लोकांना हे जास्त वाटतं, म्हणून हिशोब सांगतो. एक किलो मासा 30 अंशांवरून शून्यापर्यंत आणायलाच साधारण 350 ग्रॅम बर्फ वितळतो. उरलेला बर्फ बाहेरून पेटीत शिरणाऱ्या उष्णतेशी झुंजण्यात खर्च होतो. पाव किलो बर्फ टाकून आणलेला मासा घरी गार लागतो, पण तो गारवा वरवरचा. पाठीच्या जाड मांसात हात घालून बघा.

बर्फ बारीक फोडलेला हवा. लादीचे मोठे तुकडे माशाला दोन-तीन ठिकाणीच टेकतात आणि धारदार कोपऱ्यांनी कातडी फाडतात. थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ, त्यावर मासे पोट खाली करून, मग पुन्हा बर्फ, असे थर लावायचे आणि शेवटचा थर बर्फाचाच ठेवायचा. पेटीच्या तळाला एका कोपऱ्यात भोक पाडा. वितळलेलं रक्ताळ पाणी साचून त्यात मासे तीन तास पोहत राहिले तर बर्फ असूनही वास येतो. पेटी डिकीपेक्षा मागच्या सीटखाली, सावलीत बरी.

आणखी एक: 2018 पासून महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळायचा नियम आहे. निळसर बर्फ मिळाला तर तो चिरलेल्या तुकड्यांना कधीही लावू नका. अख्ख्या माशासाठी वापरावा लागलाच तर मासे जाड पिशवीत बांधून बर्फ बाहेरून ठेवा.

मासा तडफडत ठेवणं

गळ टाकणाऱ्यांमध्ये ही सवय फार. मासा काढला की काठावर, मातीत, उन्हात टाकतात किंवा बादलीभर पाण्यात दहा मासे कोंबतात. "जिवंत आहे तोवर ताजा" असं म्हणतात. पण धडपडताना माशाच्या स्नायूंतली साखर संपते. ती संपलेल्या माशाचं अंग लवकर ताठ होतं आणि तितक्याच लवकर सैल पडतं. ताठरपणा जितका उशिरा येईल आणि जितका टिकेल तितका मासा चांगला. म्हणून मासा हाती आला की डोक्यावर डोळ्यांच्या जरा मागं एक नेमका दणका द्या. त्यालाही त्रास कमी होतो, आपल्यालाही मांस चांगलं मिळतं. मोठा रोहू किंवा कटला असेल तर लगेच कल्ल्यांच्या बुडाशी सुरी घालून पाच-दहा मिनिटं रक्त वाहू द्या. मग सरळ बर्फात.

मरळ याला थोडी अपवाद. ती हवेतून श्वास घेते, त्यामुळं ओल्या कापडात बराच वेळ जगते. तिला जिवंत आणून घरीच मारणं योग्य, पण तीही उन्हात ठेवायची नसते.

ताठ झालेला मासा पेटीत बसत नाही म्हणून वाकवून, दाबून बसवू नका. ताठरलेले स्नायू ओढले की मांसाच्या पाकळ्या सुटतात आणि नंतर रस्सा करताना तुकडा पातेल्यात विरघळतो. बाजारात मासा घेताना मात्र हाच ताठपणा शोधा. मधोमध धरल्यावर शेपूट लोंबली नाही, बोटानं दाबल्यावर खळगा राहिला नाही, कल्ले लालभडक आणि डोळा फुगीर-स्वच्छ असेल तर न विचारता घ्या.

पोट साफ करायला घर गाठणं

दोन तासांत घरी पोचून लगेच साफ करणार असाल आणि बर्फ भरपूर असेल तर अख्खा मासा चालतो. त्याहून उशीर असेल तर काठावरच पोट काढा. मात्र धरणाच्या पाण्यात धुऊ नका. घरून पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन न्या.

साफ करताना तीन जागा लोक विसरतात. कल्ले पूर्ण काढत नाहीत, तिथं जंतूंची दाट वस्ती असते. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेला काळपट लाल रक्ताचा पट्टा तसाच राहतो. तो अंगठ्याच्या नखानं किंवा चमच्याच्या टोकानं खरवडून काढावा. आणि चिलापी-मृगळाच्या पोटाला आतून असलेला काळा पापुद्रा ओढून काढला नाही तर रश्श्याला चिखलट कडवटपणा येतो.

पित्ताची पिशवी फुटली तर घाबरू नका, पण उशीरही करू नका. हिरवट डाग पडलेलं मांस लगेच कापून टाका आणि बाकीचा मासा वाहत्या पाण्याखाली धुवा. रोहू-कटल्यासारख्या माशांचं कच्चं पित्त काही लोक औषध म्हणून गिळतात. ते अजिबात करू नका, त्यानं मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं आहेत.

हळद-मीठ लावलं की टिकतो, हा भरवसा

आमच्या घरीही हेच चालायचं. तुकडे करायचे, हळद-मीठ-लिंबू चोळायचं आणि ओट्यावर ताट झाकून ठेवायचं, "आता संध्याकाळपर्यंत काही होत नाही". होतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या मुरवणीला लागणाऱ्या मिठानं जंतू थांबत नाहीत. त्यासाठी खाऱ्या सुक्या मासळीसारखं भरपूर मीठ आणि वाळवणं लागतं. हळद वास झाकते, म्हणून मासा चांगला आहे असं वाटतं. रात्रभर मीठ लावून ठेवलेल्या तुकड्यांचं पाणी सुटतं आणि तळल्यावर ते चिवट होतात. माझं मत असं की मुरवण शिजवण्याच्या आधी फार तर तासभर, तीही फ्रिजमध्ये. आज करायचंच नसेल तर तुकडे न मुरवता, कोरडे पुसून ठेवा.

चिखलाचा वास ही वेगळी गोष्ट, तो शिळेपणाचा नव्हे. तलावातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांमुळं तो माशाच्या अंगात उतरतो. ताज्या माशालाही येतो. आंबट पदार्थ त्यावर चांगला उतारा आहे: चिंचेच्या कोळात किंवा आमसुलाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून धुवा.

फ्रिजवरून होणारा घोळ

आपल्याकडं मासा रविवारी येतो. रविवारी रात्री पाहुणे आले म्हणून राहिला, सोमवार सोलापूरच्या ग्रामदैवताचा, सिद्धेश्वराचा, त्या दिवशी बऱ्याच घरांत मासा शिजत नाही. म्हणजे तो मंगळवारी शिजणार. दोन रात्री काढायच्या असतील तर घरी येताक्षणी ठरवा: उद्या शिजणार नसेल तर आजच डीप फ्रीजरमध्ये. नुसत्या फ्रिजमध्ये साफ केलेला मासा एक दिवस, फार तर दोन. तोही दाराच्या कप्प्यात नव्हे. उघडझापीमुळं तिथं सगळ्यात जास्त ऊब असते. मागच्या बाजूला, खालच्या थंड कप्प्यात, खोलगट डब्यात बर्फ घालून त्यावर जाळी आणि जाळीवर मासा. पाणी खाली गळतं, मासा कोरडा राहतो आणि भाजीला वास लागत नाही.

दुसरी अडचण नाजूक आहे. पंढरपूरच्या आपल्या जिल्ह्यात किती घरांत आई किंवा सासूबाई माळकरी असतात! फ्रिजमध्ये मासा नको, हे त्यांचं म्हणणं आपण मानतो आणि मानायलाच हवं. पण म्हणून मासा मोरीतल्या बादलीत झाकून ठेवणं हा उपाय नाही. एक थर्माकोलची पेटी फक्त मासळीसाठी वेगळी ठेवा, मागच्या ओसरीवर सावलीत. दर पाच-सहा तासांनी पाणी सोडून बर्फ भरा. त्यात मासा घरच्या फ्रिजपेक्षा चांगला राहतो, कारण बर्फ शून्याला धरून ठेवतो आणि फ्रिज साधारण 4-5 अंशांना असतो.

फ्रीजरमध्ये पाच किलोचा एक गोळा करून कोंबू नका. मधला भाग गोठायला कित्येक तास लागतात, आणि सावकाश गोठलेल्या मांसात मोठे स्फटिक होऊन तंतू फुटतात. सोडवल्यावर पाणी गळतं आणि मासा कापसासारखा लागतो. एका जेवणाला पुरतील एवढे तुकडे पातळ पसरून, हवा काढून पिशव्या करा आणि तारीख लिहा. गोठून कडक झाल्यावर, सुटू न देता, बर्फाच्या पाण्यात बुडवून पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवलेल्या अख्ख्या माशावर काचेसारखा थर बसतो, तो सुकण्यापासून वाचवतो.

सोडवताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर किंवा गरम पाण्यात सोडवलेला मासा बाहेरून उबट आणि आतून दगड असतो. एकदा सुटलेला मासा पुन्हा गोठवू नका. वीज गेली की फ्रीजर उघडून पाहण्याचा मोह आवरा. भरलेला आणि बंद फ्रीजर बरेच तास थंडी धरतो. मी रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवतो, वीज गेली की त्याच कामाला येतात आणि उजनीला जायच्या दिवशीही.

शंका आली तर

अमोनियासारखा झणझणीत वास, चिकट-गढूळ बुळबुळीतपणा, पोटाजवळ पिवळट झालेलं मांस, यांतलं काहीही दिसलं की तो मासा टाकायचाच. काळा मसाला कितीही जहाल असला तरी बिघडलेल्या माशाला वाचवत नाही. किनाऱ्यावरून येणाऱ्या बांगड्याच्या बाबतीत तर अधिक काळजी घ्या. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन हे अपायकारक द्रव्य तयार होतं, ते शिजवून, तळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, अंगाला खाज, धडधड, डोकेदुखी असं झालं तर लगेच दवाखान्यात जा आणि आज बांगडा खाल्ला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वास न येणाऱ्या बांगड्यातही हे होऊ शकतं, म्हणून तो घेताना बर्फात पुरलेला आहे की नुसता वरून बर्फ शिंपडलाय, हे हात घालून पाहा.