एआय आल्यावर प्रोजेक्ट मॅनेजरने वेळ कुठे घालवायचा आणि कुठून काढून घ्यायचा

प्रोजेक्ट मॅनेजरचं निम्मं आयुष्य कागद बनवण्यात जायचं. मीटिंगचे मिनिट्स लिहा, स्टेटस रिपोर्ट लिहा, रिस्क रजिस्टर (काय काय बिघडू शकतं त्याची यादी) अपडेट करा, मग तेच सगळं वरच्या लोकांसाठी पीपीटीत टाका, आणि हे सगळं वेळेवर नीटनेटकं करणारा माणूस म्हणजे चांगला पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) असं धरलं जायचं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून या कागदांचा भाव उतरतच चाललाय, कारण दिसायला बरा असा प्रोजेक्ट प्लॅन आता कोणीही दोन मिनिटांत काढतं, डेव्हलपर काढतो, क्लायंट काढतो, तुमचा बॉस पण काढतो. गार्टनर या संशोधन कंपनीने तर २०१९ मध्येच सांगून टाकलं होतं की २०३० पर्यंत प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधली ८० टक्के कामं एआयमुळे जातील. त्या ८० चं काय व्हायचं ते होवो, पण तिथे शब्द 'कामं' असा आहे, लोक फॉरवर्ड करताना तो 'माणसं' करून टाकतात आणि मग सगळे घाबरतात.

घाबरण्यापेक्षा आधी स्वतःचा मागचा आठवडा उघडून बघा. कॅलेंडर आणि पाठवलेले मेल, बस. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारायचा, नुसत्या फाइली आणि मीटिंगचं रेकॉर्डिंग हातात असलेल्या परक्या माणसाला हे जमलं असतं का? जमलं असतं तर त्या कामाचा भाव पडतोय, त्यावर कमी वेळ घाला. नसतं जमलं, म्हणजे तिथे असं काहीतरी लागलं जे कुठेच लिहिलेलं नाही (क्लायंटचा फायनान्सवाला सही कायम शेवटच्या दिवशी अडवतो, दोन टीम लीड एकमेकांशी बोलत नाहीत, अमुक वेंडरचं 'झालंच आहे' म्हणजे अजून हातच लावलेला नाही), तर ते काम जपा. बऱ्याच जणांना हे करताना धक्का बसतो, कारण आठवड्याचा मोठा भाग पहिल्या ढिगात जातो. बसू दे धक्का, पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आता मिनिट्सचं बघू, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. एआय टूल मीटिंग ऐकतं आणि खाली छान समरी लिहून देतं, 'बॅकएंड टीम शुक्रवारपर्यंत एपीआय देईल' (एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरना जोडणारा भाग). रेकॉर्डिंग ऐकलं तर तो मुलगा जरा थांबून म्हणालेला असतो, 'हो, होईल बहुतेक, टेस्ट डेटा आला तर.' समरीमध्ये ते थांबणं गेलं, बहुतेक गेलं, आणि अट तर पूर्णच गेली. राहिलं काय, तर एक पक्की तारीख जी कोणी दिलेलीच नाही, आणि ती आता सगळ्यांच्या मेलमध्ये गेली. म्हणून समरी आली की लगेच पुढे ढकलू नका. एकेक ॲक्शन आयटम घ्या आणि बघा की ज्याच्या नावावर पडलाय तो स्वतः बोलला का दुसऱ्याने त्याच्या गळ्यात मारला, बोलताना काही अट घातली होती का, आणि ज्याचा या कामाशी सगळ्यात जास्त संबंध तो गप्प का बसला. शंका आली की ग्रुपवर न विचारता त्याला वेगळा मेसेज टाका, 'शुक्रवार खरंच धरू का? डेटा कोणाकडून यायचाय?' तिकडून उत्तर येतं की क्लायंटकडचा ज्याच्याकडे ॲक्सेस आहे तो रजेवर आहे. झालं, रिस्क सापडली. ही कुठल्याही समरीत आली नसती कारण मीटिंगमध्ये कोणी ती बोललंच नव्हतं.

जाता जाता एक, टीममध्ये नवीन पीएम असेल तर त्याला आधी स्वतः मिनिट्स लिहायला लावा, समरी नंतर उघडू दे. मिनिट्स लिहिता लिहिताच लोक प्रोजेक्ट समजून घ्यायला शिकायचे, ती पायरीच काढून टाकली तर दोन वर्षांनी समरीतली चूक पकडणार कोण?

स्टेटस रिपोर्ट लिहायला एआयला देताना लोक म्हणतात 'हे प्रोफेशनल करून दे', आणि ते खरंच करून देतं, म्हणजे तुमचं 'टेस्टिंग अडकलंय, का ते माहीत नाही' याचं 'टेस्टिंग प्रगतिपथावर असून काही बाबींवर काम सुरू आहे' होतं. वाचायला गोड आणि उपयोग शून्य, उलट नुकसानच, कारण वरच्या माणसाला कळलंच नाही की त्याची मदत हवी होती. याच्या उलट वापरा. स्टेटस तुमच्या भाषेत कच्चा लिहा आणि असं काहीतरी विचारा:

'खाली माझा या आठवड्याचा स्टेटस आहे. तू क्लायंटच्या बाजूचा खडूस माणूस आहेस, याआधी तुझे दोन प्रोजेक्ट लटकलेत. कुठल्या वाक्यात तारीख नाही, कुठे काम कोणाचं ते लिहिलेलं नाही, कुठे मी जवळपास झालं असं म्हणून वेळ मारून नेतोय, ते दाखव. सुधारून लिहू नकोस, फक्त प्रश्न विचार.'

यातून सात-आठ प्रश्न येतात, त्यातले दोन-तीन फालतू असतात पण बाकीचे लागतात बरोबर. त्यांची उत्तरं घालून रिपोर्ट पाठवा.

रिस्क रजिस्टर तर विचारूच नका. एआयला सांगा, पंचवीस रिस्क काढून देईल, स्कोप (कामाची व्याप्ती) वाढू शकतो, महत्त्वाचा माणूस सोडून जाऊ शकतो वगैरे, सगळ्या खऱ्या आणि जगातल्या कुठल्याही प्रोजेक्टला चालतील अशा. त्यातल्या चार-पाच ठेवा, ज्यांच्यापुढे तुम्ही तारीख आणि माणूस लिहू शकता.

एस्टिमेटवर मात्र थांबायला हवं, कारण इथे पीएमची खरी किंमत वाढलीय आणि बऱ्याच जणांच्या ते लक्षातच आलेलं नाही. 'आता एआय आहे ना, मग तीस टक्के वेळ कमी करा' हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल तर लवकरच ऐकाल. मेटर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये एक अभ्यास केला, १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्याच रोजच्या माहितीतल्या कोडवरची २४६ कामं, काही कामांना एआय वापरायची परवानगी आणि काहींना नाही. सुरू करण्याआधी डेव्हलपर म्हणाले की एआयमुळे वेळ २४ टक्के कमी लागेल. सगळं संपल्यावर म्हणाले २० टक्के वाचला. प्रत्यक्षात मोजला तर एआय असताना १९ टक्के जास्त लागला होता! आता हे त्या वेळची टूल्स आणि मोठे जुने कोडबेस याबद्दलचं आहे, तुमच्या टीमला तसंच्या तसं लावू नका, नव्या छोट्या कामात वेळ खरंच वाचू शकतो. पण जी माणसं रोज ते काम करतात त्यांना स्वतःला वेळ वाचला का गेला हे कळलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणून 'वाटतं' यावर एस्टिमेट कमी करू नका, मोजा. मागच्या काही स्प्रिंटची (कामाच्या छोट्या टप्प्यांची) तिकिटं, म्हणजे टूलमधल्या एकेका कामाच्या नोंदी, काढा आणि काम हातात घेतल्यापासून खरोखर संपेपर्यंत किती दिवस गेले ते बघा, त्यात रिव्ह्यू पण धरा आणि परत आलेली तिकिटं पण धरा. आणि तिकीट कुठल्या कॉलममध्ये किती दिवस पडून होतं ते वेगळं काढा. बऱ्याचदा असं दिसतं की कोड लिहिणं फास्ट झालंय, पण रिव्ह्यूवाला तोच एक सीनियर आहे आणि त्याच्याकडे ढीग लागलाय, टेस्टिंग तेवढंच, आणि क्लायंटचा साइन-ऑफ (मंजुरी) तर जसा होता तसाच, म्हणजे गाडी फक्त पुढच्या सिग्नलला लवकर पोचली. याचा चार्ट काढून बॉसकडे जा आणि तीस टक्क्यांचं बोलणं तिथे करा. आकडे काढायला एआयची मदत घ्या, बिनधास्त, त्याला तिकिटांचा एक्सपोर्ट द्या आणि फॉर्म्युला लिहून घ्या, फक्त दोन-चार तिकिटं हाताने ताडून बघा.

एक कडू गोष्ट पण सांगून टाकतो. टीममध्ये माणसं जितकी जास्त तितक्या त्यांच्यातल्या जोड्या वाढतात, ५ जणांत १० आणि १० जणांत ४५, आणि या जोड्यांमध्ये निरोप पोचवण्यावर कितीतरी पीएमची नोकरी चालते. एआयमुळे तेच काम लहान टीम करायला लागली तर निरोप्याचं काम आपोआप कमी होणार. तुमचा दिवस मुख्यतः 'याने त्याला विचारलं का' यात जात असेल तर हे आत्ताच बघून घ्या, एखाद्या विषयात तरी स्वतःचा निर्णय घ्यायची जागा मिळवा, बजेटचा असो, वेंडरचा असो, नाहीतर कुठलं फीचर कापायचं त्याचा असो.

निर्णय म्हटला की जबाबदारी आली. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, प्रकरण कॅनडात ट्रिब्युनलपुढे गेलं, आणि कंपनीचं म्हणणं काय तर चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार. २०२४ मध्ये ट्रिब्युनलने ते उडवून लावलं आणि कंपनीला पैसे भरायला लावले. तुमच्या प्रोजेक्टमध्ये पण 'टूलने असं सांगितलं होतं' हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही, म्हणून डिसिजन लॉग ठेवा, काय ठरलं, कोणी ठरवलं, कशाच्या आधारावर, आणि एआयचा आउटपुट वापरला असेल तर तो कोणी तपासला. नाव माणसाचंच लिहायचं.

आणि काय पेस्ट करताय ते बघा हो. सॅमसंगच्या लोकांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि २०२३ मध्ये कंपनीने असली टूल्स वापरायलाच बंदी घातली. कंपनीने मान्य केलेलंच टूल वापरा, क्लायंटचं नाव आणि आकडे बदलून टाका. मीटिंग रेकॉर्डरचं पण तेच, तो चालू असला की लोक मोजून मापून बोलतात, त्यामुळे कोणाचं खरं ऐकायचं असेल तेव्हा तो बंद ठेवा आणि बंद आहे हे सांगा.

नवीन शिकायचं काय असं विचाराल तर माझं मत, प्रॉम्प्टच्या कोर्समागे पळू नका, एआय असलेला प्रोजेक्ट कसा चालवायचा ते शिका. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की ठरलेलंच होतं, इथे तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर वेगळं येऊ शकतं, मग 'काम झालं' हे म्हणायचं कधी? हे पहिल्याच आठवड्यात क्लायंटबरोबर बसून ठरवावं लागतं. खऱ्या वापरातले शंभरेक प्रश्न गोळा करा, बरोबर उत्तर कशाला म्हणायचं ते त्या विषयातल्या माणसाकडून लिहून घ्या, किती बरोबर आले तर चालेल आणि कुठली चूक एकदाही चालणार नाही ते ठरवा, मग त्यावर सही घ्या. प्लॅनमध्ये आणखी दोन ओळी घाला ज्या बहुतेक जण विसरतात. एक म्हणजे वापर वाढला की टोकनचं (मॉडेल किती मजकूर वाचतं-लिहितं त्याच्या मोजमापाचं) बिल वाढतं, ते कोण भरणार. दुसरी, मॉडेल देणाऱ्या कंपन्या जुनी मॉडेल्स बंद करतात, त्यामुळे गो-लाइव्हनंतर (खरा वापर सुरू झाल्यावर) पण ते शंभर प्रश्न परत चालवून बघायला माणूस आणि वेळ लागतो.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर पीएमआयने (प्रोजेक्ट मॅनेजमेंटची सर्टिफिकेटं देणारी संस्था) आपल्या पीएमबॉक गाइडच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तीतच ४९ प्रोसेसवरचा भर काढून १२ तत्त्वं पुढे आणली होती, म्हणजे पाठांतराचा भाव चॅटजीपीटीच्या आधीच घसरायला लागला होता. अर्न्ड व्हॅल्यू (झालेलं काम, खर्च आणि वेळ यांचा ताळा घालायची पद्धत) वगैरे यायलाच हवं, पण ते एआयचं गणित चुकलं तर पकडण्यासाठी.

शेवटी सीव्ही आणि अप्रेझल. 'साप्ताहिक स्टेटस रिपोर्ट तयार केले, मिनिट्स पाठवले' असल्या ओळी काढून टाका. त्याऐवजी आजपासून एक साधी फाइल उघडा, त्यात तारीख, टूल काय म्हणत होतं, तुम्हाला काय वेगळं दिसलं, तुम्ही काय केलं आणि पुढे काय झालं, एवढंच लिहीत जा. वरच्या त्या शुक्रवारच्या एपीआयसारखी गोष्ट घडली की त्याच दिवशी नोंद करा, कारण सहा महिन्यांनी अप्रेझलच्या फॉर्मपुढे बसल्यावर काही म्हणजे काही आठवत नाही. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की त्यातल्या तीन निवडून फॉर्ममध्ये टाका.