टेम्पे फसतं कुठे? या चुका टाळा

टेम्पे म्हणजे शिजवलेल्या सोयाबीनवर बुरशी वाढवून केलेली वडी. माझं पहिलं टेम्पे सुरूच झालं नाही, कारण मी कृषी सेवा केंद्रातून रायझोबियमचं पाकीट उचलून आणलं होतं. हवं होतं रायझोपस. नावं जुळ्या भावंडांसारखी, कामं अगदी निराळी. रायझोबियम हा जिवाणू सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहतो, झाडाला हवेतला नत्र देतो आणि बदल्यात साखर घेतो. रायझोपस ही बुरशी. ती शिजलेल्या दाण्यांवर वाढते आणि आपल्या तंतूंनी ते असे जखडते की वडी सुरीने कापता येते. बियाण्याला चोळायचं पाकीट स्वयंपाकघरात आणू नका. टेम्पेचं विरजण म्हणूनच मागवा.

हा पदार्थ मूळचा जावा बेटावरचा. तिथे विरजण पूर्वी पाकिटातून येत नसे, पानावर असे. जास्वंदाच्या कुळातल्या एका झाडाच्या पानाला मागून बारीक लव असते. त्या लवेत बुरशी धरली की पान वाळवून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला दाण्यांवर चोळायचं. याला उसार म्हणतात. टेम्पे म्हणजे झाड आणि बुरशीची भागीदारी, असं कुणी सांगत असेल तर त्याने आधी हे पान आठवावं. बिचारा दाणा काही भागीदार नाही. तो शिजून मेलेला असतो आणि बुरशी त्याला खाते.

साल राहू देणं

सालीतून बुरशी आत शिरत नाही. सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी दोन्ही हातांनी चोळा, पाण्यावर तरंगणारी सालं ओतून द्या. डाळिंब्या सोलायची सवय असलेल्या घरात हे काम कठीण वाटू नये, उलट सोपंच आहे. चार-दोन सालं राहिली तर बिघडत नाही. कुकरला मात्र लावू नका. उघड्या पातेल्यात पाऊण तास उकळा. दाणा बोटांत दाबल्यावर मोडावा, पण लगदा होऊ नये, कारण लगद्यात हवेला जागा उरत नाही.

पाणी

दहातली सात टेम्पे पाण्याने बिघडतात, असा माझा अंदाज. दाण्यांवर ओल राहिली की बुरशीच्या आधी जिवाणू पोचतात. मग दाणे बुळबुळीत होतात, चमच्याला तार सुटते आणि डबा उघडताच नाक मुरडावं लागतं. असं झालं तर चव बघायलाही जाऊ नका, फेकून द्या.

दाणे निथळून परत गरम पातेल्यात घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. वाफ यायची थांबली की पंचावर पसरून पंख्याखाली ठेवा. मूठभर दाणे टिश्यू कागदावर ठेवून उचला. कागदावर ओल उमटली तर अजून थांबा. मग अर्धा किलो कोरड्या सोयाबीनच्या हिशेबाने दोन-तीन मोठे चमचे व्हिनेगर चोळा. आंबटपणा जिवाणूंना रोखतो, बुरशीला तो चालतो. विरजण घालताना दाणे बाळाच्या दुधाइतके कोमट हवेत. गरम दाण्यांवर टाकलेलं विरजण मरतं.

मीठ, हळद, हिंग यांतलं काहीही या टप्प्यावर नको. आपला हात सवयीने मिसळणाच्या डब्याकडे जातो, तो आवरा.

ऊब आणि हवा

पिशवीला टाचणीने दर सेंटीमीटरला भोक हवं आणि थर अडीच सेंटीमीटरच्या वर नको. केळीच्या पानात बांधणार असाल तर पान आधी आचेवरून फिरवून मऊ करा, आणि पुडी करकचून आवळू नका.

पहिले बारा तास 30 ते 32 अंशांची ऊब आपण द्यायची. पुढे बुरशी स्वतःच तापते, आणि इथेच मी फसले. डिसेंबरच्या रात्री पिशवी थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली. सकाळी पांढरी लव दिसली, म्हणून पुन्हा बाटली भरून, झाकण लावून ऑफिसला गेले. संध्याकाळी मधला भाग तपकिरी पडला होता आणि अमोनियाचा वास डोळ्यांत जात होता. लव दिसली की बाटली काढा, झाकण किलकिलं करा.

भोकांजवळ करडे-काळे डाग पडले तर घाबरू नका. ते बुरशीचे बीजाणू आहेत. हिरवं किंवा गुलाबी काही दिसलं तर अख्खी वडी टाका, तेवढा भाग कापून उरलेला वाचवू नका. केशरीही टाकाच. पश्चिम जावामध्ये न्यूरोस्पोरा ही केशरी बुरशी मुद्दाम वाढवून ओंचोम नावाचा पदार्थ करतात खरं, पण आपल्या पिशवीत आलेली कुठली हे कोण सांगणार?

नक्षी

पानावर मांडायला देखणं टेम्पे हवं म्हणून लोक काळे वाटाणे घालतात, सोलतात आणि मग रंग गेला म्हणून हळहळतात. रंग सालीतच असतो! असे दाणे मिक्सरला एक झटका देऊन नुसते दुभंगवा, साल राहू द्या आणि वेगळे शिजवा. दुसरी चूक म्हणजे नक्षी वर काढणं. दीड दिवसात तिच्यावर पांढरी गादी चढते. नक्षी थरांत रचा, म्हणजे ती कापल्यावर दिसेल.

खोबरं

ही एकच गोष्ट मी दटावून सांगते. टेम्पेत ओलं खोबरं, नारळाचा चव किंवा दूध काढल्यावरचा चोथा घालू नका. जावामध्ये नारळाच्या चोथ्याचं टेम्पे बोंक्रेक खाऊन अनेक माणसं मेली, आणि 1988 मध्ये इंडोनेशियाने त्यावर बंदी घातली. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष शिजवूनही जात नाही.

तयार वडी त्याच दिवशी शिजवा किंवा वाफवून फ्रीजरमध्ये टाका. बाहेर राहिली तर तिचं तापणं सुरूच राहतं. जावाकडचं बाचेम आपल्या जिभेला लगेच पटेल: गूळ, चिंचेचा कोळ, धने आणि लसूण घातलेल्या पाण्यात काप मंद शिजवायचे, पाणी आटलं की तव्यावर परतायचे. गूळ लवकर करपतो, म्हणून शेवटची दोन मिनिटं तव्यापासून हलू नका.